पिवळ्या रंगावर पुरलेला दगड

सूर्याला नमस्कार घालणारी माणसं मला आवडत नाहीत. लोणावळ्यात माझ्या घरासमोरच्या बंगल्यात शनिवार-रविवारी मुंबईहून एक कुटुंब येतं आणि सकाळी गच्चीवर ओळीने उभं राहून बारा-बारा नमस्कार घालतं. मी खाली गाडी पुसत असतो आणि मनातल्या मनात म्हणतो, घाला बाबांनो, तुमचं काय बिघडवलंय त्याने. माझं बिघडवलंय. आता ते त्याने बिघडवलं की मी, हा प्रश्न वेगळा, आणि तोच सांगायला बसलोय.

मी जमिनी मोजतो. सरकारी नाही, खाजगी. सरकारी मोजणीची तारीख लांब पडते, तोवर लोकांना दम निघत नाही, मग दोन्ही बाजू मिळून माझ्यासारख्याला बोलावतात. मी माझं यंत्र घेऊन जातो, दगड पुरतो, कागद करतो, दोघं सह्या करतात. मावळात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून मला कामाची कमी नाही, आणि शत्रूंचीही नाही. मोजणीच्या दिवशी जमलेल्या माणसांसारखी वाईट माणसं मी कुठे पाहिलेली नाहीत. लग्नात गोड बोलणारा सख्खा भाऊ बांधावर उभा राहिला की वेगळाच दिसतो. दगड अर्धा फूट इकडे पडला की मी चोर, तिकडे पडला तरी चोरच. अशा लोकांत पंधरा वर्षं काढल्यावर माणसाच्या नाकावर राग बसतोच. माझ्या तर तो आधीपासूनच होता.

ही गोष्ट अलीकडचीच. शिमगा होऊन गेला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. औंढ्याहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे चुलत चुलते. माझं गाव औंढेच. मी शाळेत जायच्या वयाचा झालो तेव्हा वडील नोकरीसाठी लोणावळ्याला आले आणि आम्ही तिथलेच झालो, पण भावकी सगळी गावात. आबांना रस्त्याकडेचं शेत एका बंगलेवाल्याला विकायचं होतं आणि त्याने अट घातली होती की हद्द स्वच्छ पाहिजे. आबांच्या शेताला लागून मावशीची वाट होती, आणि वाद त्या वाटेचा होता.

मावशी आमच्या नात्यातली नव्हे. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती आहे, ती तिथली. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता. आयुष्यभर रूळ तपासून त्याने वीस गुंठे घेतले होते, आबांच्या शेतामागे. नकाशात तिचं शेत पळीसारखं दिसतं: मागे वाटी आणि रस्त्यापर्यंत आलेला लांब दांडा. तो दांडा म्हणजेच वाट, साडेचार फुटांची, तिच्याच मालकीची. नवरा गेला. आता ती एकटी इंद्रायणी लावते आणि भात काढल्यावर भारे त्याच वाटेने डोक्यावरून रस्त्याला आणते. दुसरीकडून शेतात जायला जागा नाही. वाट गेली तर शेत असून नसल्यासारखं, मग आबा म्हणतील त्या भावात ते त्यांच्याच गळ्यात घालायचं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आबांनी दोन वर्षांपूर्वी जेसीबी फिरवून मधला बांध सपाट केला होता. मावशी भांडली होती, पण बांध गेला तो गेलाच. मोजणीला ती आधी तयार नव्हती. मग तिला कळलं की मोजणारा मी आहे. तिने निरोप पाठवला, ‘त्यो मोजत असंल तर मोजू द्या. माझ्या हाताखालचं पोरगं हाय.’

तेही खरंच होतं. मावशी गावच्या अंगणवाडीत होती आणि शाळेत जाण्याआधीची दोन वर्षं मी तिच्या हाताखाली काढली. एक ते शंभर मी तिच्याकडे शिकलो, चिंचोके मांडून. रंगही तिच्याकडेच शिकलो. खिडकीच्या गजाला तिने रंगीत चिंध्या बांधल्या होत्या आणि ती ओरडायची, ‘पिवळा धर!’, ‘हिरवा धर!’ आम्ही पळत जाऊन धरायचो. अंगणवाडीतली खिचडी तिच्या हातची म्हणून आमच्या घरातून मला वेगळा डबा मिळायचा. मी डबा बाजूला ठेवून खिचडीच खायचो आणि घरी सांगायचो नाही. पुढे मोठा झाल्यावर हे मी मित्रांना फार अभिमानाने सांगायचो, जणू मोठा पराक्रमच केला होता.

मोजणीच्या सकाळी मी एकटाच गेलो. आमचं यंत्र म्हणजे काठीच्या टोकावर बसवलेला पांढरा डबा, आणि हातात मोबाईलसारखी एक पाटी. डबा आकाशातल्या वीस-पंचवीस उपग्रहांचे संदेश ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रह किती लांब ते काढतो, आणि त्यावरून मी पृथ्वीवर नेमका कुठे उभा आहे ते बोटभराच्या फरकाने सांगतो. पण त्याला सोबत दुरुस्ती लागते. ती मिळवायचे दोन मार्ग. एक तर दुसरं यंत्र, ज्याला आम्ही बेस म्हणतो, ते जागा पक्की माहीत असलेल्या जवळच्या दगडावर तिवईवर उभं करायचं. नाहीतर मोबाईलच्या रेंजवर लांबच्या केंद्राकडून दुरुस्ती मागवायची. पहिलं कष्टाचं, दुसरं आळशाचं. माझा बेस गाडीत होता. तिवई उचलून शेतातून चढावर न्यायचा मला कंटाळा आला आणि मी रेंजवर भागवलं.

सकाळी खुणेच्या जुन्या दगडावर जाऊन मी ताळा घेतला, म्हणजे यंत्र त्याची जागा बरोबर सांगतं का ते पाहिलं. बरोबर आला. आतल्या टोकाच्या दगडाबद्दल वाद नव्हता, तो जुनाच शाबूत होता. प्रश्न रस्त्याकडच्या टोकाचा, म्हणजे वाटेच्या तोंडाचा होता. वाटेच्या दुसऱ्या कडेला एक शेराचं जुनं झुडूप होतं, ती पलीकडची हद्द, ती सगळ्यांना मान्य होती. शेरापासून आबांच्या बाजूला किती अंतरावर दगड पडतो, एवढंच ठरायचं होतं. नकाशावरून बिंदू काढलेला होता. यंत्र मला त्या बिंदूवर नेणार आणि मी दगड पुरणार, इतकं सोपं काम.

तिथे पोचेपर्यंत दुपार झाली. आबांनी दोनदा सांगून झालं होतं की घरी मटणाचा बेत आहे. ऊन डोक्यावर आणि पोटात कावळे ओरडत होते. आणि त्याच वेळी पाटीवरचा रंग पिवळा झाला.

हे सांगायला हवं. पाटीवर एक पट्टी असते. हिरवी असली म्हणजे यंत्राला जागा पक्की कळली आहे. पिवळी असली म्हणजे यंत्र अंदाज करतंय, थांबा. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच: पिवळ्यावर काही करायचं नाही. मी थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पट्टी हिरवी व्हायची आणि लगेच पिवळी व्हायची. मी मोबाईल कंपनीला शिव्या घातल्या, काठी हलवली, यंत्र बंद करून चालू केलं.

आणि मावशी माझ्या पाठीमागे उभी होती. नुसती उभी नव्हती, मोजत होती. शेराच्या बुंध्याला टाच लावून, पावलापुढे पाऊल ठेवत ती आबांच्या शेताकडे यायची आणि म्हणायची, ‘सहा. बघ, सहा पावलं वाट हाय. ह्यांनीच मोजून दिल्याली.’ ह्यांनी म्हणजे नवऱ्याने. मग परत जायची आणि परत मोजायची. तिसऱ्यांदा सहा म्हणाली तेव्हा माझं डोकं सटकलं.

इथे मला एक कबूल करायचंय आणि ते कबूल करताना अजून जड जातं. आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो होतो की त्या लोकांनी वाट हळूहळू रुंद करून घेतली. कोणी कधी मोजलं नव्हतं, कोणाकडे पुरावा नव्हता, पण जेवताना हे वाक्य यायचं आणि कोणी त्याला नाही म्हणायचं नाही. मी खिचडी खाणारा, पुढारलेला, पण ते वाक्य माझ्या डोक्यात होतंच. म्हणून पट्टी एकदा हिरवी चमकली आणि यंत्राने मला शेराच्या अगदी जवळ उभं केलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. मला वाटलं, बघा, निघालं ना खरं. मी बटण दाबलं. दाबता दाबता पट्टी परत पिवळी झाली होती. मी ते पाहिलं. पाहिलं आणि खुंटी ठोकली.

‘आरं बाळा, हितं न्हाई,’ मावशी म्हणाली. ‘माझ्या वाटेचं तोंड बंद केलंस की तू.’

‘मावशी, यंत्र सांगतंय.’

‘यंत्र सांगंल. पन मी चाळीस वरसं चाललीय हितनं.’

‘आकाशातल्या वीस उपग्रहांना कळतं ते तुला जास्त कळतं का?’ मी सगळ्यांसमोर ओरडलो. आबांच्या बाजूची चार माणसं हसली.

ती हसली नाही. म्हणाली, ‘उपग्रह कदी डोक्यावर भारा घिऊन चाललं न्हाईत, बाळा.’ खुंटीच्या जागी मी दगड पुरला. मी कागद पुढे केला आणि तिने सही केली, पूर्ण नाव, अंगणवाडीच्या वहीत करायची तशी गोल अक्षरात. का केली, ते मला तेव्हा कळलं नाही. मोजणारा मी होतो म्हणून केली.

मोजणी संपल्यावर परत खुणेच्या दगडावर जाऊन ताळा घ्यायचा असतो. मी घेतला नाही. मटण गार होत होतं.

आमच्या गावात मोजणीचा दगड पुरला की त्यावर नारळ फोडायची रीत आहे. शेंदूर लावायचा, फूल ठेवायचं, अगरबत्ती लावायची. त्यानंतर तो दगड राहत नाही, हद्दीचा देव होतो. जो त्याला हलवील त्याच्या घराचं वाटोळं होतं असं सगळे मानतात आणि न मानणारेही हात लावत नाहीत. चांगली रीत आहे, तिच्यामुळे पुष्कळ भांडणं मिटली आहेत. एरवी हे काम दुसऱ्या दिवशी होतं. त्या दिवशी आबांनी मी जेवायला बसायच्या आतच नारळ फोडून घेतला. मी हात धूत असताना त्यांच्या बोटांना शेंदूर होता.

संध्याकाळी घरी आलो तर आम्हा मोजणीवाल्यांच्या ग्रुपवर गोंधळ चालला होता. एकाचं यंत्र पनवेलकडे गंडलं, एकाचं सोलापूरला, एकाने तर नवं यंत्र परत करायचं ठरवलं होतं. सगळ्यांची वेळ एकच, दुपारची. मग कोणीतरी बातमी टाकली की सूर्यावर मोठी ज्वाला उठली होती.

मी वाचत बसलो. सूर्यावर असा स्फोट झाला की त्यातून न दिसणारा प्रकाश उसळतो. त्यातला एक भाग म्हणजे अतिनील किरणांतले सगळ्यात टोकाचे, सगळ्यात जहाल किरण. ते आपल्या कातडीपर्यंत येत नाहीत. शेदोनशे किलोमीटर वर, जिथे हवा अगदी विरळ असते, तिथेच ती हवा त्यांना गिळते. पण गिळताना फाटते. तिच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि उपग्रहाचे संदेश त्या गर्दीतून वाट काढत येताना रेंगाळतात. संदेश रेंगाळला की यंत्राला उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो, आणि खाली मावळात उभा असलेला माणूस भलत्याच ठिकाणी उभा आहे असं ते सांगतं. लांबच्या केंद्राची दुरुस्ती शिळी होते. बेस जवळ असला तर तोही त्याच आकाशाखाली चुकतो आणि दोघांची चूक एकमेकांत वजा होते. आणि हे किरण उजेडाच्याच वेगाने आठ मिनिटांत येतात, म्हणजे आधी सूचना देणंही कुणाच्या हातात नाही. बातमी आणि मार एकदमच पोचतात.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. दुपारपासून छातीवर जे ओझं होतं ते उतरलं. मी चुकलो नव्हतो, सूर्य चुकला होता. मी बायकोला बोलावून सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं. मग मावशीला काय सांगणार?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेस आणि तिवई खांद्यावर घेऊन त्या चढावर गेलो. कंटाळा कुठे गेला होता कोण जाणे. नीट मांडणी केली, ताळा घेतला, पट्टी हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. मी बिंदूवर गेलो. दगड तिथे नव्हता. खरा बिंदू आबांच्या बाजूला सव्वा मीटरवर होता. मी शेराच्या बुंध्याला टाच लावली आणि तिच्यासारखं पाऊल टाकलं. शेर आणि माझा दगड यांत एक पाऊलही पुरतं मावत नव्हतं.

दगडावर शेंदूर वाळला होता. झेंडूचं फूल होतं. शेजारी आबांचे सिमेंटचे खांब कुंपणासाठी येऊन पडले होते, दहा-बारा.

आबा आले. मी त्यांना सूर्य, ज्वाला, किरण सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, ‘मंजे ही जागा सूर्यनारायणानंच दिली म्हन की. देव देतो तवा न्हाई म्हनू ने.’

‘आबा, चेष्टा नाही. दगड चुकलाय.’

‘कागदावर सही कुनाची हाय? तिची हाय. तुजी हाय. आनि आता त्यो दगड ऱ्हायला न्हाई, देव झालाय.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘तू भावकीचा हाईस का कुनाचा हाईस, येवडं सांग.’

मला त्यांचा भयंकर राग आला. पण खरं सांगायचं तर त्यांनी मला फसवलं नव्हतं. त्यांनी फक्त माझ्या चुकीवर शेंदूर लावला होता.

मी मावशीकडे गेलो. ती चुलीपाशी बसली होती. मी नेहमीसारखा शेजारी जमिनीवर बसलो, तिने चहा दिला. मी सांगायला सुरुवात केली. ग्रुपवर वाचलेलं सगळं सांगितलं, हातवारे करून, आकाश दाखवून. मी चांगलं सांगितलं. मास्तर झालो असतो तर बरं झालं असतं असं सांगताना मला वाटूनही गेलं. माझं संपल्यावर तिने विचारलं, ‘ते किरन जमिनीपतूर येत्यात का?’

‘नाही. शेदोनशे किलोमीटर वरच अडतात.’

‘वरच?’

‘वरच.’

‘मंग माझी वाट कुनी खाल्ली? हितं खाली कोन हुतं?’

ती उठली, भांडं घासायला घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मला चष्म्याबिगर अक्षर दिसत न्हाई. पन रंग दिसतो. तुज्या त्या पाटीवर पिवळा हुता. लय येळ पिवळा हुता. तू दाबलंस तवाबी पिवळाच झाल्ता.’

चिंध्या मला तेव्हा आठवल्या. तिने मला धरायला शिकवलेला पिवळा तिला दिसणार नाही, असं मला कसं वाटलं, कोण जाणे. ती मागे उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं आणि तरी माझ्या भरवशावर सही केली होती. सूर्याच्या माथी मारलेला दोष तिथेच संपला. त्यानंतर मला ज्याचा राग आला त्याच्यापासून दूर जाता येत नाही.

‘काय करू?’ मी विचारलं.

‘काय करू म्हंजे? सगळ्यांम्होरं ओरडलास न्हवं? सगळ्यांम्होरंच सांग.’

दोन दिवसांनी रविवार होता. मी निरोप पाठवून लोकांना बांधावर बोलावलं. आबा आले, भावकीतले पाच-सहा जण आले, वस्तीतून मावशीबरोबर दोघं आली. मी कागद वाचून दाखवला. लिहिलं होतं की मोजणी चुकीची झाली, ती रद्द करतो आहे, चूक मोजणाऱ्याची आहे. सूर्याचा उल्लेख पहिल्या खर्ड्यात होता, चार ओळींचा. तो मी काढून टाकला होता. तरी भावकीतल्या एकाने मला टोमणा मारलाच, ‘काय रं, ऊन लागलं व्हय तुला?’ आणि हशा पिकला.

‘यंत्र पक्कं झालं नव्हतं,’ मी म्हणालो. ‘मला दिसत होतं. तरी मी दगड पुरला. ती बरोबर होती आणि मी तिच्यावर ओरडलो. ह्याच्यावर सरकारी मोजणी लावायची तर लावा. मी तिच्या बाजूने साक्ष देईन.’

आबांनी कागदावर सही केली नाही. ‘दगडाला हात लावून तर बघ,’ एवढंच म्हणाले.

मी गाडीतून पहार काढली. दगडापाशी गेलो, पहार खाली टेकवली, आणि माझा हात पुढे जाईना. मी देव मानत नाही. घरात गणपती बसतो तेव्हाही मी मोबाईल बघत असतो. पण शेंदराच्या त्या दगडापुढे मला घरी असलेली माझी मुलगी दिसली. वाटोळं हा शब्द दिसला. लहानपणी जेवताना ऐकलेली वाक्यं किती आत जाऊन बसतात, ते मला त्या आठवड्यात दुसऱ्यांदा कळलं. सगळे बघत होते. आबा हसत होते.

मावशी पुढे आली. ‘दे हिकडं,’ म्हणाली आणि पहारेला हात घातला. ‘मला ह्याचं भ्या न्हाई. माझ्या बानं छप्पन सालीच सोडलं हे समदं. म्या जन्मायच्या आदी.’

तिने दगडाच्या बुडाशी पहार घातलीही. मग थांबली, वळली आणि पहार परत माझ्या हातात दिली.

‘म्या उपटला तर चोरी म्हनतील,’ ती म्हणाली. ‘तू उपटला तर दुरुस्ती. तूच उपट.’

मी उपटला. जोर लावला, दगड हलला, मग दोन्ही हातांनी मिठी मारून वर काढला. शेंदूर हाताला, सदऱ्याला, गालाला लागला. आबा म्हणाले, ‘आजपास्नं तू आमचा न्हाईस.’ मी म्हणालो, ‘बरं.’ त्या वेळी मला ते सोपं वाटलं. यंदा आबांच्या घरच्या लग्नाची पत्रिका आली नाही तेव्हा सोपं वाटलं नाही.

बेस मी सकाळीच मांडून ठेवला होता. मी बिंदूवर गेलो तेव्हा मावशी चष्मा लावून माझ्या खांद्यापाशी उभी राहिली. ‘हिरवा,’ ती म्हणाली. मी थांबलो. ‘आजून हिरवाच हाय.’ मी बटण दाबलं. ‘परत मोज,’ ती म्हणाली. मी यंत्र बंद करून, चालू करून परत मोजलं. जागा तीच आली. ‘आजून एकदा,’ ती म्हणाली. मी तिसऱ्यांदा मोजलं. मग खुणेच्या दगडापर्यंत चालत जाऊन, तिच्यासमोर ताळा घेऊन परत आलो. लोक कंटाळून निघून गेले होते. दगड पुरून झाल्यावर तिने शेराला टाच लावली आणि पावलापुढे पाऊल टाकत आली. मोजताना ती मोठ्याने बोलत नव्हती, पण ओठ हलत होते. सहावं पाऊल दगडाला टेकलं. तिने मान हलवली आणि वाटेने आत शेताकडे निघून गेली. नारळ कोणी फोडला नाही.

आबांनी सरकारी मोजणी अजून लावलेली नाही. ते लावणार नाहीत, त्यांना माहीत आहे दगड कुठे पडायचा ते. खांब गवतात पडून आहेत.

आठवड्याने मी नव्या मोजणीचा स्वच्छ कागद छापून, नकाशा जोडून, तिच्या घरी द्यायला गेलो. दार उघडंच होतं. मावशी चुलीपाशी होती. मी चपला काढून नेहमीच्या जागेकडे वळलो तर ती लगबगीने उठली. घरात एकच खुर्ची होती, तिच्यावर धुतलेले कपडे होते. तिने कपडे उचलून पलंगावर टाकले, पदराने खुर्ची पुसली आणि माझ्यापुढे सरकवली.

‘बसा सायेब,’ ती म्हणाली.